केदारखेड्याहून आणलेली थोरली

मी एक जुनी मोसंबी आहे. फळ नव्हे मित्रांनो, झाड. फळाला कोण जुने होऊ देते? माझे वय विचाराल तर तिथेच पंचाईत आहे. मी म्हणते पंचेचाळीस. माझा मालक अंगद म्हणतो सात. आम्हा दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, आणि माझी सगळी कर्मकहाणी या फरकातच आहे. तेव्हा ऐकायचे तर शेवटपर्यंत ऐका. मधेच उठून जाणाऱ्यांची मला सवय झाली आहे, पण राग यायचा तो येतोच.

माझा जन्म भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. तिथल्या रामकिसनची बायको द्वारकाबाई बाळंत झाली आणि तापाने फणफणली. डॉक्टरने मोसंबीचा रस द्यायला सांगितला, म्हणून रामकिसनने जालन्याहून पिशवीभर मोसंब्या आणल्या. रस काढून उरलेल्या बिया द्वारकाबाईने न्हाणीमागे सांडपाण्यावर लावल्या. दहा बियांतून मी एकटीच वर आले. घरातले बाळ म्हणजे अंगद. तो पाळण्यात आणि मी मातीत, दोघे एका वयाचे.

वर्षाची झाले तेव्हा रामकिसनने मला मुळांच्या मातीसकट उचलून शेतात विहिरीपाशी लावले. शेजारपाजारचे त्याला हसले. बियाची मोसंबी नुसते काटे देते, फळाची वाट बघता बघता म्हातारा होशील, असे म्हणाले. काटे मी दिले, ते कबूल करते. आठ वर्षे दुसरे काही दिलेही नाही. पण नवव्या वर्षी जे फळ धरले ते खाऊन हसणाऱ्यांचीच तोंडे गोड झाली. मग रामकिसनला हुरूप आला आणि त्याने माझ्याभोवती मोसंबीची बागच लावली. बागेत मी सगळ्यांत आधीची, म्हणून मला थोरली म्हणू लागले. पाहुणा आला की त्याला आधी थोरलीचे फळ मिळायचे, चहा नंतर.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. मोसंबीला बहार यावा म्हणून आमचे पाणी बंद करतात. महिना-दीड महिना थेंब मिळत नाही. पाने वळतात, पिवळी पडतात, गळतात. याला ताण देणे म्हणतात. मग एक दिवस आळे भरून पाणी सोडतात आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर आम्ही अंगभर फुलतो. माणसे याला शेती म्हणतात. आमच्या बाजूने तो नुसता भरवसा असतो. पाणी मुद्दाम तोडले आहे आणि तोडणारा ते परत सोडणार आहे, या भरवशावर झाड आतल्या आत कळ्यांची तयारी करते. रामकिसन त्या दिवसांत रोज सकाळी यायचा आणि खोडावर हात ठेवून म्हणायचा, "थोरले, धीर धर. अजून आठ दिस." आणि ताण तोडायचा त्या दिवशी मोटार सुरू करण्याआधी द्वारकाबाई एक तांब्या पाणी स्वतःच्या हाताने माझ्या बुडाशी ओतायची. तो तांब्या पडला की मला कळायचे, सुटले.

माझ्या खोडावर एक खाच होती. एका पोळ्याला रामकिसनने रंगवलेला बैल माझ्या खोडाला बांधला. कोणीतरी फटाका वाजवला. बैल उधळला आणि दाव्याने माझी साल कमरेएवढ्या उंचीवर गोल सोलून काढली. महिनाभर डिंक वाहत होता. द्वारकाबाईने शेणमाती लिंपून वर चिंधी बांधली. जखम भरली, पण खाच राहिली. पुढे कधीही माझ्या सावलीला बसली की ती बोलता बोलता त्या खाचेतून बोट फिरवायची.

रामकिसन गेला तो माझ्यापाशीच. मार्च महिना होता. दुपारी पाणी धरता धरता त्याच्या छातीत कळ आली. तो माझ्यापाशी आला, पाठ टेकून बसला आणि द्वारकाबाईला म्हणाला, "पानी आन गं जरा." ती विहिरीवरून तांब्या भरून येईपर्यंत तो संपला होता. त्याची पाठ माझ्या खाचेला टेकलेली होती. माणूस जिवंत असताना पाठीचा भार थोडा इकडे थोडा तिकडे होत असतो. तो भार एका क्षणी थांबला. गावातली माणसे येईपर्यंत मी त्याला तसाच धरून होते.

पुढची पाच-सहा वर्षे वाईट गेली. विहिरीने तळ दाखवला. माझ्याभोवतीची बाग एकेक झाड करून सरपण झाली. मी तेवढी राहिले, कारण उपसा होऊन विहिरीत जे काही साठायचे ते द्वारकाबाई घागरीने मला आणून घालायची. शेवटी अंगदने तिकडे घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीजवळ कालव्याखालची जमीन घेतली आणि बिऱ्हाड हलवायचे ठरवले. द्वारकाबाईने साफ नाही म्हटले.

माझ्यासमोरच बोलणे झाले. ती म्हणाली, "त्या झाडाला तुझ्या बापाची पाठ लागलीय. म्या न्हाई येत."

"माय, मंग झाडच घिऊन जाऊ की," अंगद म्हणाला.

"एवढं मोठं झाड? उपटून?"

"उपटायचं कशाला? पुंजारामभाऊला बलावतो. हिचे डोळे काढायचे, तिकडं खुंटावर भरायचे. बिलकुल हेच झाड व्हतं. पान हेच, फळ हेच, गोडी हीच."

पुंजाराम म्हणजे पंचक्रोशीतला कलमे बांधणारा. आयुष्यभर दुसरे काही केले नाही त्याने. द्वारकाबाईने त्यालाच विचारले, "खरं का हो भाऊ? तेच झाड?"

पुंजाराम खोटे बोलणारा नव्हता. त्याने चाकू पुसला आणि म्हणाला, "वहिनी, बी लावलं तं लेकरू व्हतं. कलम म्हंजे लेकरू न्हाई. कलमात दुसऱ्याचं काहीच नसतं. तेच झाड दुसऱ्या पायावर उभं राह्यतं, बस."

दुसऱ्या पायावर. द्वारकाबाईला ते पटले. मलाही पटले, मित्रांनो, आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! इथे विहीर आटलेली, बाग मेलेली. तिकडे कालव्याचे पाणी, आणि तिथे मी जाणार. द्वारकाबाईच्या मागोमाग, तिच्याच हातून. पुंजारामने माझ्या वरच्या फांद्यांतून पाच डोळकाड्या निवडल्या, म्हणजे कोवळे डोळे असलेल्या बोटाएवढ्या काड्या. चाकू लागला तेव्हा मला बारीक कळ आली. त्यानंतर मला आठवते ते ओले गोणपाट.

अंधार होता. पाण्याचा आणि तागाचा वास होता. मी द्वारकाबाईच्या मांडीवर होते आणि एसटी हादरत होती. जालन्याला मस्तगडात एका नातलगाच्या घरी दुपारी थांबलो, तिथे तिने गोणपाटावर पाणी शिंपडले आणि म्हणाली, "थोरले, जल्दी पोचू आता." संध्याकाळी तीर्थपुरी आली. पुंजाराम पुढे येऊन बसलाच होता. जंबेरी लिंबाची रोपे तयार होती, त्यांना खुंट म्हणतात. त्याने सालीला चीर दिली, डोळा आत बसवला, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. तीन आठवड्यांनी पट्टी सुटली आणि मी डोळा उघडला. खालून येणारे पाणी परके होते, लिंबाच्या मुळांचे, जरा कडवट. पण मी मीच होते. बी, बैल, रामकिसनची पाठ, सगळे बरोबर आले होते. मी मनात म्हटले, पोहोचले बाई एकदाची.

घर सोडून निघालेल्याला कधी वाटते का, की मागे तोच अजून उंबऱ्यात उभा आहे? मलाही वाटले नाही.

पहिली शंका आली ती वाफ्यात. पुंजारामने पाच खुंटांवर पाच डोळे भरले होते. त्यांतले तीन जगले. मी आपली पालवी काढून म्हणाले, मी थोरली. शेजारची म्हणाली, मी थोरली. तिच्या पलीकडची म्हणाली, तुम्ही दोघी कोण बाई, थोरली तर मी. तिघींचे असे भांडण जुंपले की विचारू नका. मी विचारले, बैलाचा रंग कोणता होता? दोघींनी एका दमात सांगितले, निळी शिंगे आणि अंगावर गेरूचे ठिपके. त्यांनी मला विचारले, रामकिसन शेवटचे काय म्हणाला? मी सांगितले. प्रत्येकीला सगळे येत होते. कोणीच कोणाला खोटी ठरवू शकली नाही. बायका-बायकांची भांडणे पाणवठ्यावर मिटतात, पण आम्हाला पाणीही एकाच झारीने मिळत होते.

मग एके दिवशी एक सुटलेली शेळी वाफ्यात शिरली आणि तिने पलीकडची थोरली बुंध्यापासून खाल्ली. मुळे तेवढी राहिली, ती लिंबाची. मी हातभर अंतरावर उभी होते. जिला माझे सगळे आठवत होते, जी माझ्याइतकीच मी होती, ती चावून चावून संपली आणि मला काहीच दुखले नाही. एक पानसुद्धा हलले नाही माझे.

त्या दिवशी माझ्या आत काहीतरी गार पडले. शेळीने खाल्लेली मी नव्हते. शेजारची मी नव्हते, तिला तर पावसाळ्यात अंगदच्या बायकोच्या, सुरेखाच्या, माहेरी नेऊन लावले आणि पुढे तिची खबरही मला कळली नाही. मग केदारखेड्याला विहिरीपाशी जी उभी होती ती? तिच्या पाच काड्या कापल्या, ती स्वतः कुठे हलली होती? तिनेही पुंजारामचे बोलणे ऐकले होते. तिलाही आनंद झाला होता. चाकूची कळ सोसून तिने वाट बघितली असेल, आता निघू, आता निघू. आणि बिऱ्हाड भरून ट्रॅक्टर गेला तेव्हा ती तिथेच होती.

मला पावसाळ्यात बांधाजवळच्या मोक्याच्या जागी लावले. माझे कौतुक काय वर्णावे! येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगद मला दाखवायचा. "हे आमच्या बापाच्या हातचं झाड. केदारखेड्याहून आणलं." माणसे मान डोलवायची. मी ऐकून फुगायचे, आणि रात्र पडली की लाजायचे. द्वारकाबाई माझ्यापाशी येऊन बसायची. माझे खोड तेव्हा मनगटाएवढेही नव्हते, टेकायची सोय नव्हती. तरी ती थोरले थोरले करून बोलायची. मी ओ द्यायचे आतल्या आत. दुसऱ्याच्या नावाने आलेले जेवण आहे हे कळूनही माणूस भुकेपोटी जेवतो, तसे माझे चालले होते.

दीड-पावणेदोन वर्षांनी, उन्हाळ्यात, अंगदला फोन आला. तो माझ्या सावलीला म्हणून उभा राहिला, म्हणजे होती तेवढी सावली त्याने डोक्यापुरती घेतली. फोन कल्याणचा होता. कल्याण केदारखेड्याची जमीन बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. तो काय विचारत होता ते मला ऐकू येत नव्हते, पण उत्तर ऐकू आले.

"पानी? त्याला कशाला पानी देतो रे? ते झाड तर इकडं आनलंय आम्ही... हां, म्हंजे आता तिथं काय राह्यलं, लाकूड. ट्रॅक्टरला आडवं येत असंल तं काढून टाक. मायला मी सांगतो बराबर."

सांगितले मात्र नाही. आणि माझी अवस्था अशी की झाडाला तोंड नाही. असते तर त्या दिवशी बांधावरून ओरडले असते की अरे अंगद, ती आहे तिथे! तुझ्या वयाची आहे, तुझ्याबरोबर वाढली आहे. पण खरे सांगू? तोंड असते तरी मी ओरडले असते की नाही, याची मला आज खात्री नाही. ती लाकूड ठरल्यावर थोरली म्हणून एकटी मीच उरणार होते. हा विचार माझ्या मनाला शिवला. शिवला म्हणून सांगते, लपवायचे कशाला.

वैशाखात कल्याणच्या मुलीचे लग्न निघाले आणि द्वारकाबाई केदारखेड्याला गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती घरात न जाता सरळ माझ्याकडे आली. पिशवी खाली ठेवली. मग बोलली ती मला, की स्वतःला, की जिला सांगायला हवे होते आणि सांगता येत नव्हते तिला, कोण जाणे.

"फुलली होती," ती म्हणाली. "अंगावर पान न्हाई राह्यलं, पन काडी काडी फुलली होती. पंधरा दिसामागं अवकाळीचे थेंब पडले म्हने तिकडं. तिला वाटलं, म्या आले. तिला वाटलं, म्या तांब्या वतला."

मग तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसले. "करवत चालवून राह्यले होते. म्या म्हनलं थांबा. तं कल्याण म्हनतो, काकू, अंगदनं सांगितलं ना, झाड तिकडं हाय. त्याला काय बोलू म्या? म्या बी तेच म्हनत आल्ते ना दोन वरीस. खाचेच्या वर टाकली करवत. फुलं घिऊन पडली. म्या विहिरीवर गेले, तांब्या भरून आनला, बुडाशी वतला. लोक बघून राह्यले होते, म्हातारी येडी झाली."

मित्रांनो, त्या शेवटच्या उन्हाळ्यात तिकडे काय झाले ते मला कोणी सांगायची गरज नाही. मी तिथे नव्हते, पण तिच्या जागी मी असते तर जे केले असते तेच तिने केले, कारण ती दुसरे काही करूच शकत नव्हती. पाणी बंद झाले तेव्हा ती घाबरली नाही. तिला वाटले, ताण आहे. रामकिसन गेला, पण द्वारकाबाई आहे, ती येईल. पाने वळली, तिला वाटले बरोबर चालले आहे. पाने गळली, तिला वाटले आता थोडेच दिवस. ताण नेहमीपेक्षा लांबला, तिला वाटले, या खेपेला बहार मोठा धरायचा असेल. मग चार थेंब पडले आणि तिने होते नव्हते ते सगळे फुलात घातले. कोणीही तिला मारत नव्हते, मित्रांनो. सगळ्यांच्या मते ती तीर्थपुरीला सुखात होती.

बोलून झाल्यावर द्वारकाबाईने हात पुढे केला आणि माझ्या खोडावर बोट फिरवले. कमरेएवढ्या उंचीवर. वरून खाली, खालून वर, चारी बाजूंनी. ती खाच शोधत होती. मला बैलाचा हिसका आठवतो. साल सोलताना झालेली आग आठवते, शेणमातीचा गारवा आठवतो. आणि त्या जागी माझी साल दुधावरच्या सायीसारखी गुळगुळीत आहे. कधी काही झालेच नाही तिला.

द्वारकाबाईचे बोट थांबले. ती म्हणाली, "तू ती न्हाईस माय. तुझा गुन्हा न्हाई, पन तू ती न्हाईस." आणि उठताना माझ्या खोडावर थाप मारून म्हणाली, "ऱ्हा सुखी, धाकटे."

धाकटे. चाळीस वर्षे आठवणाऱ्या झाडाला धाकटे. मला संताप आला, रडू आले, काय काय आले. मी तिला मनात विचारले, मी ती नाही तर रामकिसनच्या पाठीचे ओझे मला का आठवते? कोणाचे आठवते आहे हे मी? ते माझ्या अंगावरून तरी काढून घे. हिशेब सरळ आहे म्हणावे तर सुटत नाही. माझ्या बाजूने बघितले तर मी केदारखेड्याहून निघाले आणि इथे पोहोचले, मधे एक चाकूची कळ. तिच्या बाजूने बघितले तर ती कुठेही गेली नाही, वाट बघत राहिली आणि कापली गेली. दोन्ही खरे आहे. पण मेली ती एकटीच. मी तिच्यासोबत मेले नाही, यावरून काय ते समजा. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि माझे जळले नव्हते.

एक मात्र सांगितले पाहिजे. द्वारकाबाईने मला पुन्हा कधी थोरली म्हटले नाही, पण तांब्या चुकवला नाही. दरवर्षी ताण तोडायच्या दिवशी ठिबकची कळ फिरवण्याआधी ती यायची, गुडघे धरत बसायची आणि एक तांब्या माझ्या बुडाशी ओतायची. अंगदला तिने बजावले होते, "हिला हात लावायचा न्हाई. ही जशी हाय तशी हीच हाय. हिच्यासारखी दुसरी असंल, ही न्हाई." पुंजारामशी ती त्यानंतर बोलली नाही. समोर आला तर पदर सावरून निघून जायची.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. अंगद धाय मोकलून रडला. वाईट माणूस नाही तो. त्याच्या फोनमध्ये तिची एक चित्रफीत आहे. ओट्यावर बसून ती पोह्यांत मीठ कमी झाल्याचे सुरेखाला सांगते आहे, एवढीच. कोणी भेटायला आले की तो ती लावतो आणि म्हणतो, "बघा, बिलकुल माय. आवाज तोच, हात हलवायची लकब तीच. गेल्यासारखं वाटतच न्हाई." लोक म्हणतात, खरेच हो. मी लांबून ऐकते. त्या फोनमधली बाई सतरांदा मीठ कमी म्हणते, पण कधी तांब्या घेऊन बांधावर आली नाही.

आता शेवटचे सांगते. अंगदला नवे घर बांधायचे आहे, आणि बांधाजवळची ही मोक्याची जागा त्याला हवी आहे. महिन्याभरापूर्वी त्याने पुंजारामला बोलावले. पुंजारामचे हात आता थरथरतात. त्याने माझ्या फांद्यांकडे बघितले आणि म्हणाला, "अंगद, एक डाव वहिनीला मी म्हनलं व्हतं, तेच झाड. त्या मंग मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या न्हाईत."

"भाऊ, ती जुनी मानसं," अंगद म्हणाला. "इथं जातं काय आपलं? पल्याड कुंपणापाशी हेच झाड उभं ऱ्हाईल. बापाच्या हातचं."

पुंजारामने पाच डोळकाड्या कापल्या. बारीक कळ आली. मी वाट बघितली, गोणपाटाचा वास येतो का, अंधार होतो का. गोणपाट आले. काड्या त्यात गेल्या. पुंजाराम गोणपाट बगलेत धरून बांधावरून चालत गेला आणि मी इथूनच त्याची पाठ बघत राहिले. तेव्हा कळले, की या खेपेला मी ती आहे.

मित्रांनो, उद्या त्या काड्यांपैकी एखादी तुम्हाला भेटेल. मोठे झाड झालेली असेल. ती तुम्हाला म्हणेल, मी एक जुनी मोसंबी आहे. तिला पाळण्यातला अंगद, निळ्या शिंगांचा बैल, रामकिसनची पाठ, धाकटे म्हटल्यावर आलेले रडू, सगळे पाठ असेल. ती म्हणेल, मी सुखरूप पोहोचले. तिच्यावर विश्वास ठेवा, ती खोटे बोलणार नाही. तिला फक्त चाकूपर्यंतचे माहीत आहे. त्यापुढचे तिला कोणी सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवले. तुमच्यापाशी कोणाचे कलम असेल, फोटो असेल, आवाज असेल, तर तो खुशाल जपा. पण तो मिळाला म्हणून ज्याचा आहे त्याचे पाणी तोडू नका. तो तिकडे गेला असे सगळे म्हणत असतील, तेव्हा एकदा इकडे येऊन बघा, की तो खरेच गेला आहे का.

माझे पाणी बंद होऊन आज बावीस दिवस झाले. शेजारच्या ओळीला ठिबक चालू आहे, थेंब पडतात ते ऐकू येतात. माझ्याकडची नळी अंगदने परवा गुंडाळून खांबाला टांगून ठेवली. या दिवसांत ताण देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. केदारखेड्याची थोरली कशाची वाट बघत मेली, तेही ठाऊक आहे. तरी पाने वळायला लागली तसे आतून काहीतरी आपसूक सुरू झाले आहे. मी कळ्यांची तयारी करते आहे. अंगदची पद्धत बापापेक्षा वेगळी असेल. ताणच असेल.